विहारात मुलांना बोलू द्या

सदर : घर आणि विहार



वर्षभरातले आपले कार्यक्रम जरा डोळ्यांपुढे आणा. १४ एप्रिलची जयंती, बुद्धपौर्णिमा, वर्षावासातले ग्रंथवाचन, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबरचे अभिवादन. प्रत्येक कार्यक्रमाला आपली मुले हजर असतात. पुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसतात, पाहुण्यांना पुष्पगुच्छ देतात, स्वागतगीत म्हणतात. एखाददुसऱ्याचे पाठ केलेले भाषण होते, टाळ्या पडतात. मग प्रास्ताविक, प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी आणि शेवटी अध्यक्षीय भाषण. तीन-तीन तास मोठी माणसे बोलतात आणि मुले ऐकतात. कार्यक्रमाला आपण 'प्रबोधन' म्हणतो आणि घरी जातो.

या तीन तासांत एका तरी मुलाने उठून प्रश्न विचारला काय? "काका, हे असे का?" असे म्हणायची संधी आपण कोणाला दिली काय? दहापैकी नऊ ठिकाणी उत्तर नाही असेच येईल. मुले विहारात येतात, पण बोलत नाहीत. शाळेत बोलत नाहीत, कॉलेजात मागच्या बाकावर बसतात, आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत, येत असलेले उत्तरही त्यांच्या ओठांवर येत नाही. गुणपत्रिका चांगली असूनही आपली मुले येथे मागे पडतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, प्रत्येक विहारात आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांचे चर्चामंडळ बसले पाहिजे. मात्र मुलांना नुसते गोल बसवून "बोला" म्हटल्याने चर्चा होत नाही. तीन-चार धीट मुले बोलतात, बाकीची माना खाली घालतात, आणि अर्ध्या तासात भांडण तरी होते किंवा झोप तरी येते. चर्चेला शिस्त लागते, आणि ती शिस्त सांभाळणारा माणूस लागतो. ही शिस्त आपल्याला कोणाकडून उसनी आणायची नाही. ती आपल्या धम्मात आहे आणि बाबासाहेबांच्या जीवनात आहे.

मौन आले कोठून?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक काढले, त्याला नाव दिले 'मूकनायक'. मुक्यांचा नायक! आपला समाज जन्माने मुका नव्हता, त्याला मुके केले गेले होते. एल्फिन्स्टन हायस्कूलमधली गोष्ट बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. शिक्षकांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले, तर वर्गातली मुले गडबडीने उठून फळ्याकडे धावली. कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते आणि ते 'बाटतील' अशी त्यांना भीती होती. उत्तर येत असलेल्या मुलालाही फळ्यापर्यंत जाणे किती अवघड केले होते, ते यावरून समजावे.

आज फळ्यामागे डबे नसतात. पण पिढ्यान्पिढ्या गप्प बसायची सवय लागली की ती एका कायद्याने जात नाही. आई-वडील साहेबापुढे, मुकादमापुढे, घरमालकापुढे जपून बोलतात आणि मूल ते पाहत असते. आमची मुले गावाकडचे किंवा वस्तीतले बोलतात. कोणी 'पाणी'ला 'पानी' म्हटले की वर्ग हसतो. एकदा हसे झालेले मूल पुन्हा हात वर करीत नाही. त्याला विषय समजत नाही असे मग शिक्षक धरून चालतात, आणि हळूहळू मूलही तसेच धरून चालते.

पण सगळा दोष बाहेरच्यांना देऊन भागणार नाही. आपणही आपल्या मुलांना गप्प करतो. एका वस्तीतल्या विहारात वर्षावासाच्या काळात २२ प्रतिज्ञांवर व्याख्यान होते. व्याख्यान संपल्यावर नववीत शिकणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आपण प्रतिज्ञा म्हणतो, मग गावच्या घरी अजून देवीला बोकड का कापतात?" सभेत चुळबूळ झाली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, बाळ. खाली बस." मुलगी बसली. वडिलांची मान खाली गेली. पुढच्या रविवारी ती विहारात आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

त्या मुलीने काय वावगे विचारले होते? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्या ती मनापासून वाचत होती, म्हणूनच तिला प्रश्न पडला. ज्याला काहीच पडलेले नाही त्याला प्रश्न पडत नाहीत.

आपला वारसा चर्चेचा आहे

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणून एखादी गोष्ट मानू नका, ती स्वतः तपासा. ज्या धम्मात असे सांगितले आहे, त्या धम्माच्या विहारात मुलाला "खाली बस" म्हणणे शोभत नाही.

महापरिनिब्बान सुत्तात वज्जींची कथा आहे. राजा अजातशत्रूला वज्जींवर स्वारी करायची होती. त्याचा मंत्री वस्सकार राजगृहाला भगवंतांकडे आला, तेव्हा वज्जींची भरभराट कशामुळे आहे, ते भगवंतांनी आनंदाशी बोलता बोलता सांगितले. त्यात पहिल्या दोन गोष्टी अशा : वज्जी वारंवार आणि मोठ्या संख्येने सभा भरवतात, एकोप्याने एकत्र येतात आणि एकोप्याने उठतात. आपल्याकडे लोक जमतात एकोप्याने, पण उठताना दोन गट होऊन उठतात. एकोप्याने उठणे ही शिकायची गोष्ट आहे आणि ती लहान वयातच शिकवावी लागते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, संसदीय पद्धत भारताला नवी नाही. बौद्ध भिक्खूसंघाला ती माहीत होती. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान या सर्वांचे नियम संघात होते. संघात ठराव मांडला की महत्त्वाच्या बाबतीत तो तीनदा पुकारीत. ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन राहायचे, मान्य नसेल त्यांनी बोलायचे. मत घ्यायची वेळ आली तर 'शलाका' म्हणजे काड्या वाटीत, आणि त्या वाटायला निःपक्षपाती भिक्खू नेमीत.

येथे एक गोष्ट नीट समजून घेऊ या. संघात मौन म्हणजे संमती, कारण तेथे प्रत्येक भिक्खूला बोलायचा अधिकार होता आणि तो वापरायची सवय होती. आपल्या मुलांचे मौन म्हणजे संमती नव्हे. ते भीतीचे मौन आहे. "कोणाला काही विचारायचे आहे का? नाही ना? ठीक आहे," असे म्हणून सभा संपवणाऱ्या सूत्रसंचालकाने हा फरक लक्षात ठेवावा.

संघात बोलायचा मान जातीवरून मिळत नव्हता. उपाली हा न्हावी. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला प्रव्रज्या दिली गेली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती झाली, तेव्हा महाकस्सपांनी विनयाचे प्रश्न विचारले आणि उत्तरे दिली उपालीने. विचारणाऱ्याने नेमका प्रश्न विचारला आणि ज्याला ठाऊक होते त्याला बोलू दिले. चांगल्या चर्चेचे गमक याहून निराळे नाही.

आता बाबासाहेबांकडे या. 'भारतातील जाती' हा त्यांचा निबंध आज जगभर अभ्यासला जातो. तो मुळात विद्यार्थ्याने विद्यार्थ्यांच्या चर्चासत्रात वाचलेला निबंध आहे. ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी तो वाचला. मोठमोठ्या पंडितांची मते त्यांनी त्यात खोडून काढली आणि शेवटी सांगितले की, माझे म्हणणे टिकत नाही असे कोणी दाखवून दिले, तर मी तेही सोडून द्यायला तयार आहे. निर्भयपणे बोलणे आणि चूक पटल्यास मत सोडणे, हे दोन्ही एकाच निबंधात आहे. आपल्या चर्चामंडळाचे ध्येय काय असावे, असे कोणी विचारले तर हे उदाहरण पुरेसे आहे.

पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तेथे विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत असे, आणि देशाचे कायदेमंत्री असताना, जानेवारी १९५० मध्ये, बाबासाहेब त्या पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे. मिलिंद हा ग्रीक राजा, वाद घालण्यात पटाईत. भदंत नागसेनांनी त्याला आधीच विचारले की, तू पंडितासारखी चर्चा करणार की राजासारखी? पंडित हरला तरी रागावत नाही, चूक मान्य करतो. राजा मात्र आपले म्हणणे मांडतो आणि न मानणाऱ्याला दंड करतो. मिलिंदाने पंडिताची रीत पत्करली आणि मग चर्चा झाली. आपल्या विहारांमध्येही थोडे 'राजे' असतात. त्यांनी ही गोष्ट वाचावी.

बैठक कशी बसवावी?

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. पुढील गोष्टींना पैसा लागत नाही, हॉल लागत नाही, माईक तर मुळीच लागत नाही.

मुले बारा ते पंधरा असावीत. जास्त झाली तर दोन बैठका करा. व्यासपीठ नको, खुर्च्या नकोत. सर्वांनी जमिनीवर गोल बसावे, चालवणाऱ्यानेही. त्रिशरण-पंचशील घेऊन सुरुवात करावी आणि सव्वा तासात संपवावी.

वेळ ठरवताना मुलींना विचारा. रविवारी सकाळी दहाची वेळ ठेवली तर मुलगी येऊ शकत नाही, कारण त्याच वेळी घरात धुणे-भांडी-स्वयंपाक चालू असतो आणि ते काम तिच्या अंगावर असते. मग आपण म्हणतो, "मुलींना आवडच नाही." वेळ बदला, आणि शक्य असेल तर घरात भावाला भांडी घासायला लावा. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि बाबासाहेब भाषणाला होते. त्या काळी आपल्या आया-आज्या व्यासपीठावरून ठराव मांडत होत्या. आज त्यांच्या नातींना रविवारचा एक तास मिळू नये काय?

विषय आठवडाभर आधी द्यावा, आणि तो प्रश्नाच्या रूपात द्यावा. 'स्त्री-शिक्षण' असा विषय दिला की मुले निबंधाच्या पुस्तकातले बोलतात. 'आपल्या वस्तीतल्या मुलींचे शिक्षण बारावीनंतर का थांबते?' असे विचारले की त्यांना शेजारची ताई आठवते आणि ती खरे बोलू लागतात. सोबत वाचायला दोन-तीन पाने द्यावीत. बाबासाहेबांच्या ग्रंथातली असोत किंवा वर्तमानपत्रातली असोत, बैठकीच्या सुरुवातीला ती मोठ्याने वाचावीत. म्हणजे ज्याला घरी वाचायला जमले नाही तोही मागे राहत नाही.

न बोलणाऱ्याला बोलते कसे करावे?

पहिला उपाय चिठ्ठीचा. प्रश्न वाचला की दोन मिनिटे सर्वांनी गप्प बसून, नाव न घालता, एक-दोन ओळी लिहाव्यात. चिठ्ठ्या डब्यात टाकाव्यात आणि चालवणाऱ्याने त्या वाचून दाखवाव्यात. बुजऱ्या मुलाला आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते, कोणी हसत नाही हे दिसते, आणि तो हळूच म्हणतो, "ते मी लिहिलंय."

दुसरा उपाय जोडीचा. गोलात बोलण्यापूर्वी शेजारच्या मुलाशी पाच मिनिटे बोलू द्यावे. एकाशी बोललेले पंधरा जणांपुढे पुन्हा सांगणे सोपे जाते.

तिसरा उपाय काड्यांचा, आणि हा आपल्या संघातल्या शलाकांची आठवण करून देणारा आहे. प्रत्येक मुलाला आईस्क्रीमच्या तीन काड्या द्याव्यात. एकदा बोलले की एक काडी मध्ये ठेवायची. काड्या संपल्या की इतरांच्या संपेपर्यंत ऐकायचे. फार बोलणारा मुलगा आपोआप विचार करून बोलतो, आणि ज्याच्या हातात तिन्ही काड्या उरल्या आहेत तो सर्वांना दिसतो. त्याला ओरडून सांगावे लागत नाही. त्याची पाळी आली आहे हे त्याचे त्यालाच कळते.

चौथा उपाय थांबण्याचा, आणि तो सर्वांत कठीण. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असे त्यांना दिसले. शिक्षक तीन सेकंद किंवा अधिक थांबले तेव्हा मुलांची उत्तरे लांब झाली, आणि एरवी न बोलणारीही बोलू लागली. तेव्हा प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहा आकडे मोजा. शांतता जड वाटेल, तरी वाटू द्या.

पाळी आली तरी मूल बोलले नाही, तर "पुढे" म्हणायची त्याला मोकळीक असावी. पण त्याला पुन्हा विचारावे, आणि शेवटी तिसऱ्यांदा विचारावे. संघात तीनदा पुकारीत, तसे. जबरदस्ती करू नये आणि सोडूनही देऊ नये.

आणि मुलाची भाषा मध्येच सुधारू नये. 'पानी' म्हणाला तर म्हणू द्या. प्रमाण भाषा त्याला यायलाच हवी, ती वाचनाने आणि लेखनाने येईल. पण मन मोकळे करीत असताना त्याला 'ण' शिकवायला बसलो, तर 'ण' येणार नाही आणि मनही बंद होईल. भाषेवरून कोणी कोणाला हसायचे नाही, हा मंडळाचा पहिला नियम म्हणून भिंतीवर लिहून ठेवावा.

फार बोलणाऱ्याला आणि भांडणाऱ्याला कसे आवरावे?

धीट मुलाला दटावू नये. तो उद्याचा कार्यकर्ता आहे. त्याला वही देऊन टिपणे लिहायला सांगावे, किंवा घड्याळ सांभाळायला द्यावे. शेवटी सर्वांचे म्हणणे थोडक्यात सांगायचे काम त्याच्याकडे द्यावे. म्हणजे त्याला दुसऱ्यांचे ऐकावेच लागते.

काही विषय तापणारेच असतात. उदाहरणार्थ, १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने निकाल दिला की, राज्यांना अनुसूचित जातींच्या आरक्षणात उपवर्गीकरण करता येईल. या विषयावर आपल्या समाजात आणि भगिनी जातींमध्ये तीव्र मते आहेत. मुले घरी, नाक्यावर, सगळीकडे हे ऐकतात आणि विहारात विचारतात. "तो विषय नको" म्हटले तर ती नाक्यावरचेच खरे मानतील. अशा वेळी बैठक दोन भागांत करावी. पहिल्या भागात फक्त माहिती : निकाल काय, २००४ चा आधीचा निकाल काय होता, वेगळे मत देणाऱ्या न्यायमूर्तींचे म्हणणे काय. दुसऱ्या भागात मते. आणि मत देण्यापूर्वी प्रत्येकाने समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे. "बरोबर, मी असेच म्हणालो," असे समोरच्याने कबूल केल्यावरच त्याला उत्तर द्यावे. या एका नियमाने निम्मे भांडण मिटते, कारण आपण बहुतेक वेळा समोरचा जे बोललाच नाही त्यावरून भांडत असतो.

कोणी ऐकीव गोष्ट ठोकून दिली, तर "खोटे बोलतोस" म्हणू नये. "कोठे वाचलेस? पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन ये," असे म्हणावे. बाबासाहेबांच्या नावावर तर हल्ली काहीही खपवले जाते. खंड आणि पान सांगितल्याशिवाय त्यांचे वाक्य मंडळात मानायचे नाही, असा नियम केला तर मुलांना मूळ ग्रंथ उघडायची सवय लागेल.

प्रश्न चार प्रकारचे असतात, असे भगवंतांनी सांगितले आहे : काहींचे सरळ उत्तर द्यावे, काहींचे फोड करून द्यावे, काहींना उलट प्रश्न विचारून द्यावे आणि काही बाजूला ठेवावेत. चालवणाऱ्याने हे मनात धरावे. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपणच दिले पाहिजे असे नाही. "तुला काय वाटते?" हेही उत्तर आहे.

मात्र कोणी कोणाच्या जातीवरून, धर्मावरून, बाईमाणसावरून घाणेरडे बोलले, तर तेथेच थांबवावे. त्यात चर्चा नाही. पण मुलाला सर्वांदेखत फाडून खाऊ नये. बैठक संपल्यावर बाजूला घेऊन बोलावे. दुसऱ्याचा दोष दाखवताना पाच गोष्टी पाळाव्यात असे विनयात सांगितले आहे : योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, मृदू बोलावे, हिताचे बोलावे आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे. या पाच गोष्टी आपण मोठ्यांनीही कार्यकारिणीच्या बैठकीत पाळल्या, तर कितीतरी मंडळे फुटायची वाचतील.

मोठ्यांसाठी एक नियम

ज्येष्ठांनी बैठकीला जरूर यावे, पण गोलाच्या बाहेर बसावे आणि शेवटची पाच मिनिटे सोडून बोलू नये. आपल्यातल्या पुष्कळांना माईक दिसला की थांबवत नाही. पाच मिनिटे मागून चाळीस मिनिटे घेणारे वक्ते आपल्या ओळखीचे आहेत. त्यांचा त्याग आणि अनुभव मोठा आहे. पण त्यांनी घाम गाळला तो मुलांना वाचा फुटावी म्हणूनच ना? महिन्याभराने बैठक चालवायचे काम मुलांकडेच पाळीपाळीने द्यावे. एका रविवारी मुलगा, पुढच्या रविवारी मुलगी. जो चालवतो त्याला समजते की पंधरा जणांना न्याय देणे किती अवघड आहे.

घरीही हेच करावे. आई दिवसभर कामावरून थकून येते, बाबांची रात्रपाळी असते. मुलाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला त्राण नसते आणि कधी उत्तरच माहीत नसते. "गप्प बस, डोके खाऊ नको," असे निघून जाते. त्याऐवजी एवढेच म्हणा, "मला माहीत नाही, तू शोध आणि मला सांग." न शिकलेल्या आईनेही हे म्हणायला हरकत नाही. मुलगा आईला समजावून सांगतो, तेव्हा दोघेही शिकतात.

आता बोकडाचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीबद्दल. वस्तीतल्या एका ताई तिच्या घरी गेल्या. "तुझाच प्रश्न घेऊन आपण बैठक घेऊ," म्हणाल्या. मुलगी आली, आणि तिची आईही मागे येऊन बसली. चिठ्ठ्या वाचल्या तेव्हा कळले की, पंधरापैकी सहा मुलांच्या गावच्या घरी हेच चालते. कोणी म्हणाले आजीची भीती, कोणी म्हणाले भावकीचा दबाव. शेवटी ती आईच बोलली. "सासू म्हणते पोरं आजारी पडतील, म्हणून मी गप्प राहते. मला कुणी विचारलंच नव्हतं," असे तिने सांगितले. त्या दिवशी कोणाला दोष दिला गेला नाही. पुढच्या खेपेला गावी गेल्यावर आजीशी कसे बोलायचे, ते मुलांनी आपसात ठरवले. तीन तासांच्या व्याख्यानाने जे झाले नव्हते, ते सव्वा तासात सुरू झाले. बोकड थांबला की नाही, हे वर्षभराने कळेल. पण घरात पहिल्यांदा त्यावर बोलणे तर झाले.

घटना समितीतल्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, कितीही मोठा माणूस असो, त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नका; राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. ज्या मुलाला विहारात प्रश्न विचारता आला नाही, तो उद्या पुढाऱ्याला काय विचारणार? ग्रामसभेत, कामगार संघटनेत, सोसायटीच्या सभेत तो हात वर करील, तो येथे शिकला असेल तरच.

येत्या रविवारी आपल्या विहारात सतरंजी गोल अंथरा. एक वही, थोड्या काड्या आणि एक प्रश्न, एवढे पुरे. पहिल्या दिवशी चारच मुले आली तरी नाउमेद होऊ नका. बैठक संपताना दोन वाक्ये वहीत लिहा : कशावर एकमत झाले आणि काय उरले. मग वज्जींसारखे एकोप्याने उठा, आणि जो आज बोलला नाही त्याला जाता जाता नावाने हाक मारून सांगा, "बाळा, पुढच्या रविवारी तुझे ऐकायचे आहे."

जयभीम! भवतु सब्ब मंगलं.